कोपऱ्यापलीकडची भिंत

रात्रीचे साडेअकरा वाजले. झोपायला हवं, पण बँक्सीने, म्हणजे भिंतींवर चित्रं काढणाऱ्या त्या निनावी ब्रिटिश चित्रकाराने, रंगवलेल्या गॅरेजचे फोटो परत काढून बसलेय.

गॅरेज वेल्समधल्या पोर्ट टॅलबटचं. पोलाद कारखान्याचं गाव. डिसेंबर २०१८ मध्ये तिथे एका रात्रीत चित्र उमटलं. एका भिंतीवर लहान मूल. अंगात जाड कोट, डोक्यावर लोकरीची टोपी, हात पसरलेले, जीभ बाहेर. वरून पांढरं काहीतरी भुरभुरतंय आणि ते जिभेवर झेलतंय. पाहताक्षणी आपल्यालाही हसू येतं. मग कोपऱ्यावरून वळायचं. दुसऱ्या भिंतीवर कचऱ्याची पेटी पेटलीय. मूल बर्फ समजून झेलतंय ती राख आहे.

तो कोपरा मला फार आवडतो. दोन पावलं आपण स्वतः चालतो आणि चेहऱ्यावरचं हसू तिथेच विरतं. कारखान्याच्या धुळीने गाड्या आणि खिडक्या काळ्या होतात, ही तिथल्या लोकांची जुनी तक्रार. ती इतकी थेट कुणी मांडली असेल असं मला वाटत नाही. आणि मांडणाऱ्याने स्वतःचा चेहरा आजवर दाखवलेला नाही. म्हणून नजर मुलावरच राहते, चित्रकारावर जात नाही. या अबोलपणाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

इंग्लंडमधल्या क्लॅक्टन गावातलं त्याचंच चित्र आठवलं की मात्र जीव जळतो. ऑक्टोबर २०१४. तारेवर बसलेली करडी कबुतरं, त्यांच्याकडे फलक: परक्यांना मज्जाव, आफ्रिकेत परत जा, आमच्या गांडुळांना हात लावू नका. जरा दूर एकटंच हिरवट पाखरू, मुकाट बसलेलं. गावात पोटनिवडणूक तोंडावर होती. चित्र वंशद्वेषी आहे अशी तक्रार आली आणि नगरपालिकेने ते पुसून टाकलं. कबुतरांची खोड काढणारं चित्र कबुतरांचंच मानलं गेलं! चित्र कुणाचं हे नंतर कळलं, तेव्हा बँक्सीचं एखादं योग्य चित्र आलं तर आनंदच होईल, असंही नगरपालिकेचं म्हणून झालं. म्हणजे चित्र तेच, नाव कळल्यावर किंमत बदलली.

पोर्ट टॅलबटचं चित्र पुसलं नाही, ते विकलं गेलं. एका कलादालनवाल्याने भिंतीसकट घेतलं. २०१९ मध्ये ते गावातल्याच एका दुकानाच्या जागेत हलवलं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये गावाबाहेर गेलं. ते जपलं गेलं, हे बरंच झालं. तरीही कारखान्याच्या धुळीपासून दूर, दिव्यांच्या प्रकाशात ती राख कुणाला कळणार?

३० सप्टेंबर २०२४ ला पोर्ट टॅलबटच्या कारखान्यातली शेवटची झोतभट्टीही, म्हणजे लोखंड बनवणारी मोठी भट्टी, विझली.

आता फोन ठेवते. त्याआधी एकदा, आधी मुलाची भिंत, मग पेटीची.