सिएटलचा पाऊस, गाडीचे टायर आणि कोहो

नोव्हेंबरात येऊ नकोस असं भावाने आधीच सांगितलं होतं, पण तिकीट तेव्हाचंच परवडत होतं. साडेचारला अंधार पडतो. पाऊस आपल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही, नुसता पिचपिच करत दिवसभर पडत राहतो. माउंट रेनियर दिसतो म्हणे, मला मुक्कामभर दिसला नाही. स्पेस नीडल हा तिथला उंच मनोरा खालूनच पाहिला, वर जाऊन ढग बघायला एवढे डॉलर कोण देणार. पाइक प्लेस मार्केटात मासे फेकाफेकीचा खेळ पाहिला, गर्दीत छत्री हरवली. झालं सिएटल.

बाकी ही सगळी पोस्ट वेस्ट सिएटलमधल्या एका ओढ्यावर घालवलेल्या सकाळची आहे.

त्याचं असं झालं की माझी भाची अकरावीत आहे आणि तिकडे कॉलेजच्या अर्जात समाजसेवेचे तास दाखवावे लागतात. तास मोजून केलेली सेवा हा प्रकार मला मुळातच पटत नाही, पण मला विचारतंय कोण. तर बाईसाहेबांनी नाव नोंदवलं होतं मेलेले सॅमन मोजायच्या कामाला! सोबत मोठं माणूस हवं. भावाला सोडायला यायला जमत होतं पण नंतर त्याचा कॉल, वहिनीला माशाचा वासच सहन होत नाही, मग राहिली कोण, आत्या. मी रत्नागिरीकडची, पक्की मासेखाऊ, मला वासाची काय भीती.

सॅमन मी आदल्या रविवारी इसाक्वा गावच्या हॅचरीत, म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं सोडतात त्या केंद्रात, बघून आले होते. १९३६ सालची हॅचरी, मंदीत लोकांना रोजगार मिळावा म्हणून सरकारने बांधलेली, नव्वदच्या दशकात बंद व्हायला आली तेव्हा गावातल्यांनी आरडाओरडा करून वाचवली आणि आज लोकांना माहिती सांगायला तिथे गावातलेच स्वयंसेवक उभे असतात. चांगलंच आहे. पण काचेच्या खिडकीपलीकडे हातभर मासे, अलीकडे पोरांची झुंबड, माशांची अंडी काढायची ती माणसांनी, फलवायची ती बादलीत... मला काही ते भिडलं नाही.

लाँगफेलो क्रीक मात्र वेगळं प्रकरण निघालं. ओढा म्हणजे किती, काही ठिकाणी मीसुद्धा ढांग टाकून पलीकडे गेले असते. घरांच्या मागून, गोल्फ कोर्समधून वाहतो, पुढे पाइपात शिरतो आणि कारखान्यांच्या खालून जाऊन डुवामिश नदीला मिळतो. ही डुवामिश २००१ पासून अमेरिकेतल्या अतिप्रदूषित जागांच्या सरकारी यादीत आहे. म्हणजे समुद्रातून घरी निघालेल्या कोहो सॅमनने आधी ती नदी पार करायची, मग काळोख्या पाइपातून प्रवाहाविरुद्ध चढायचं आणि मग कुठे हा ओढा. आणि तरी येतात! आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्याने वर चढतात ते लहानपणी पाहिलंय, टोपल्या घेऊन मागे धावलेय, त्यामुळे उलटं पोहण्याचं मला फार अप्रूप नव्हतं. पण हे मासे ओढ्यात जन्मतात, वर्ष-दीड वर्ष इथेच वाढतात, पॅसिफिकात जातात आणि साधारण तिसऱ्या वर्षी वासावरून ओढा ओळखत परत येतात, अंडी घालतात आणि मरतात. एकदाच काय ते.

आमच्या टोळीत सत्तरीच्या पुढच्या एक निवृत्त बाई, हातभर टॅटूवाला कॉफी शॉपमधला पोरगा आणि एक नवरा-बायको. बाईंनी सगळ्यांना नावाने हाक मारायला सांगितलं, माझ्या जिभेला ते काही जमेना, मी आपलं हसून वेळ मारून नेली. इथे मी त्यांना आजी म्हणते. आजी छातीपर्यंतचे रबरी बूट-विजार चढवून थेट पाण्यात. आम्ही नवखे काठाने, चिखलातून, काटेरी ब्लॅकबेरीच्या जाळ्यांतून. बसायला जागा नाही, चहा नाही, कुणी 'थकलात का' विचारत नाही. आदरातिथ्य म्हणाल तर आजींनी हातमोजे दिले, तेवढंच.

पहिला मेलेला मासा नर होता, अर्धा रॅकूनने खाल्लेला. त्याची लांबी मोजली, नोंद झाली आणि आजींनी कचकन त्याची शेपटी कापली. मी दचकले. तर म्हणे, पुढच्या खेपेला कुणी हाच मासा पुन्हा मोजू नये म्हणून ही खूण. उरलेला मासा तिथेच टाकायचा, किडे-पाखरं खातील, झाडांना खत होईल. एवढी साधी पद्धत, मला फार आवडली.

मग मादी सापडली. अख्खी, ताजी, खवले शाबूत, पोट टच्च. आजींनी पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर दाखवला. हॅचरीवाले बहुतेक पिल्लांचा तो पर कापून सोडतात, हिचा शाबूत होता, म्हणजे बहुतेक रानातलीच. पोट चिरलं तर आत नारिंगी गाबोळी गच्च भरलेली. आता खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मनात आलं ते तळलेल्या गाबोळीचंच. पण भाची एकदम गप्प झाली. अडीच-तीन हजार अंडी असतात एका कोहोच्या पोटात, त्यातलं एकही बाहेर पडलेलं नव्हतं. तीन वर्षं जगून, समुद्र फिरून, तो घाणेरडा पाइप चढून बाई माहेरी पोचली आणि बाळंत होण्याआधीच गेली. टॅटूवाल्याने कागदावर एका रकान्यात खूण केली. तो रकाना याच मरणासाठी ठेवलेला आहे, इतकं ते नेहमीचं.

थोडं पुढे एक जिवंत दिसली. आधी आम्हाला आनंदच झाला. मग लक्षात आलं की ती गोल गोल फिरतेय, तोंड पाण्याबाहेर काढून आ वासतेय, मध्येच आडवी होतेय. भाची म्हणाली, "आत्या, हिला उचलून दुसरीकडे चांगल्या पाण्यात सोडू या ना." मी आजींना विचारलं. आजी म्हणाल्या, करून पाहिलंय, लक्षणं सुरू झाली की स्वच्छ पाण्यात ठेवूनही वाचत नाहीत. त्यांनी घड्याळ बघून वेळ लिहिली. आम्ही तिथे उभ्या. एखादं माणूस समोर तडफडत असताना नुसती वेळ लिहायची? मला आजींचा रागच आला होता, खरं सांगते. पण त्या दर पानगळीला हे बघतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात, ते मला कुठे जमणार होतं.

कारण ऐकलं तेव्हा राग कुणावर काढायचा हेच कळेना. नव्वदच्या दशकात सिएटलमध्ये ओढे सुधारायची मोठी मोहीम झाली, काठांवर देशी झाडं, पाण्यात ओंडके, खडी. कोहो परतले. आणि मरायला लागले. घर सारवून, रांगोळी काढून ठेवावं आणि पाहुण्याने उंबऱ्यातच कोसळावं तसं. ऑक्सिजन कमी झालाय का, रोग आहे का, कीटकनाशक आहे का, सगळं तपासून झालं. एवढं कळत होतं की जोराचा पाऊस झाला की मरतात, म्हणजे रस्त्यावरून वाहून येणाऱ्या पाण्यात काहीतरी आहे. त्या पाण्यातल्या दोनेक हजार रसायनांतून गाळत गाळत टकोमा आणि पुयालप या तिथल्याच गावांमधल्या संशोधकांनी डिसेंबर २०२० मध्ये एक नाव काढलं, ६पीपीडी-क्विनोन. टायरचं रबर हवेतल्या ओझोनने तडकू नये म्हणून त्यात ६पीपीडी घालतात, त्याची ओझोनशी गाठ पडली की हे बनतं. टायर झिजतो, त्याची पूड रस्त्यावर पडते, पावसाने ओढ्यात जाते आणि कोहो काही तासांत मरतो. त्याच पाण्यात चम जातीच्या सॅमनला मात्र काही होत नाही.

परतीला भाऊ घ्यायला आला. भावाची इलेक्ट्रिक गाडी आहे आणि तिच्यातून धूर निघत नाही हे तो येता-जाता ऐकवतो. भाचीने मागच्या सीटवरून शांतपणे सांगितलं की बाबा, या गाड्या जड असतात, टायर जास्तच झिजतात. पुढचा अर्धा तास मोटारवेवर भर पावसात बापलेकीचं जे जुंपलं! मी खिडकीतून शेजारच्या ट्रकच्या चाकांतून उडणारं काळं पाणी बघत बसले.

एल्व्हा नदीलाही गेलो, फेरीबोटीने पलीकडे जाऊन. तिथली दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली, शंभर वर्षं अडलेले सॅमन पुन्हा वर जातात. क्लालम आदिवासींनी त्यासाठी कित्येक दशकं भांडण केलं आणि २०२३ मध्ये पहिल्यांदा पुन्हा तिथे आपल्या हक्काची मासेमारी केली. आपण धरणाला ओटी भरणारी माणसं, धरण पाडल्याचा आनंद कसा करायचा ते मला जमलं नाही, पण नदी सुरेख आहे. रस्ता पुराने वाहून गेलाय, पुढे चालत जावं लागतं, पाऊस बघून आम्ही मॅडिसन फॉल्सवरूनच परतलो. त्या टायरच्या विषाविरुद्धही २०२३ मध्ये सरकारदरबारी अर्ज केला तो तीन जमातींनीच, युरोक, पोर्ट गॅम्बल स्क्लालम आणि पुयालप. शहरातल्या गाडीवाल्यांनी नाही.

उपाय काहीच नाही असं नाही. टायरमध्ये दुसरं काय घालायचं ते कंपन्यांना सापडेल तेव्हा सापडेल, पण रस्त्याचं हे पाणी वाळू-कंपोस्टच्या थरातून जिरवून सोडलं तर त्यात कोहो जगतात, हे प्रयोगात दिसलंय. म्हणून तिकडे लोक अंगणात खड्डा करून रेन गार्डन लावतात, छपराचं आणि ड्राइव्हवेचं पाणी त्यात वळवतात. आजींनी भाचीला त्याचं पत्रक दिलं होतं. वहिनीने ते रात्री टेबलावर नीट वाचलं, जिला वास सहन होत नाही तिनेच, आणि सोसायटीकडे अर्ज केला. सोसायटीचं म्हणणं, पुढच्या अंगणात हिरवळच हवी, एकसारखी, नियमाला धरून. खड्ड्याचा आराखडा, झाडांची यादी, शेजाऱ्यांची सही, सगळं जोडा म्हणाले. मी निघेपर्यंत शेजाऱ्याची सही झाली होती, आराखड्यावरून भाऊ आणि भाची भांडत होते, आणि माझ्या बुटांचा वास येतो म्हणून ते गॅरेजमध्येच होते.