नवतपा, पाच गिलास आणि मी एकटी

वर्गाच्या फिल्मसाठी केलेल्या ग्रुपमध्ये आम्ही चौघं होतो. एक जण इंटर्नशिपसाठी पुण्याला गेला, एकीच्या घरी लग्न निघालं, आणि तिसऱ्यानं मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दाखवल्या, उत्तर काही दिलं नाही. उरली मी आणि माझा फोन.

काम तसं छोटं होतं. थ्रिलरची सुरुवात करायची, दोन मिनिटांची, टायटल्ससकट. पूर्ण शॉर्ट फिल्म नाही, नुसती सुरुवात. बघणाऱ्याला पुढचं बघावंसं वाटलं पाहिजे, एवढंच. जमा करायची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली, म्हणजे शूटिंग मे महिन्यात. नागपूरच्या मे महिन्यात.

थ्रिलर म्हटलं की आमच्या वर्गात सगळ्यांना रात्र हवी असते. रस्त्यावरचा पिवळा दिवा, पावलांचे आवाज, हुडी घातलेला कुणीतरी. मला रात्र परवडणारी नव्हती. अंधारात माझ्या फोनच्या चित्रात रवा सांडल्यासारखे दाणे येतात. शिवाय रात्री एकटीनं ट्रायपॉड खांद्यावर टाकून इतवारी बाजाराच्या गल्ल्यांमधून फिरायला घरून परवानगी मिळाली नसती, आणि खरं सांगायचं तर मी मागितलीही नसती. मग एका दुपारी कूलरसमोर लोळताना खिडकीतून खाली पाहिलं. आमचं घर नागपूरच्या महाल भागात आहे. एरवी ज्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या की भांडण ठरलेलं, तिथे दुपारी अडीच वाजता कुत्रंसुद्धा नव्हतं. सगळी दारं बंद, सगळ्या खिडक्यांवर ओले पडदे. कर्फ्यू लागल्यासारखं. म्हटलं, रात्र कशाला पाहिजे?

शून्य सावलीचा दिवस माझ्या डोक्यात शाळेपासून होता. कर्कवृत्ताच्या खालच्या गावांना वर्षातून दोनदा सूर्य अगदी बरोबर डोक्यावर मिळतो. नागपूर २१ अंशांच्या थोडं वर आहे, त्यामुळे आपला दिवस मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येतो, २६ तारखेच्या आसपास. दुसरा जुलैमध्ये, पण तेव्हा ढगांतून सूर्य शोधावा लागतो. दिल्लीवाल्यांना तर हा दिवस कधीच मिळत नाही, याचा मला उगाच आनंद होतो. आणि वेळ बाराची नाही, बारा दहाच्या आसपासची. देशाचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं, आपण ७९ वर, म्हणून सूर्य आपल्याकडे जरा उशिरा पोचतो. फिल्मचं नाव तिथेच ठरलं: ‘बारा दहा’.

गोष्ट अशी. एक मुलगी भर दुपारी जिना चढून गच्चीवर येते. गच्चीवर पाच स्टीलचे गिलास रांगेत ठेवलेले. कुणी ठेवले, माहीत नाही. गिलासांच्या सावल्या आखडत जातात, नाहीशा होतात. आणि मग जिथे कशाचीच सावली असायला नको, तिथे एक सावली येते. कट. टायटल.

कागदावर हे मला फारच भारी वाटलं होतं.

आता २६ मेच्या आसपास म्हणजे काय, हे नागपुरात राहणाऱ्याला सांगायला नको. २५ पासून नवतपा लागतो, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. पारा ४५ च्या घरात आणि आजीच्या तोंडी एकच वाक्य: “नवतप्यात कावळाही बाहेर नाही निघत, अन् तू कायले मरून राहिली वं गच्चीवर?” मी खिशात कांदा ठेवला (आजीसाठी), डोक्याला दुपट्टा गुंडाळला, पन्ह्याची बाटली घेतली आणि वर गेले.

पहिल्याच दिवशी दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी की स्टीलचा गिलास वर रुंद आणि खाली निमुळता असतो. सूर्य कितीही डोक्यावर येऊ द्या, वरच्या काठाची सावली खाली गोल पडणारच. म्हणजे माझ्या अख्ख्या फिल्मचा पाया जो, तो गिलासाच्या आकारानंच उखडला. माणसाचंही तेच. खांद्यांची सावली पायाभोवती साचते; ‘बिनसावलीची मुलगी’ म्हणून दाखवायला गेलात तर ती डबक्यात उभी असल्यासारखी दिसते. गच्चीच्या पाण्याच्या टाकीला टेकून मी बराच वेळ नुसती बसले. मग चिडून एक गिलास उलटा घातला. आणि उलट्या गिलासाला सावली नव्हती! खाली रुंद, वर निमुळता. गिलास स्वतःच स्वतःची सावली झाकतो. वर आणखी फायदा असा की भर उन्हात रांगेत पालथे घातलेले पाच गिलास सरळ गिलासांपेक्षा कितीतरी जास्त भीतिदायक दिसतात. हे मी लिहून काढू शकले नसते.

दुसरी गोष्ट: फोन मेला. सावल्या आखडताना दाखवायला टाइमलॅप्स लावला होता. १०.४० ते १२.१०, दर १० सेकंदांना एक फ्रेम, म्हणजे ५४० फ्रेम, सेकंदाला २५ प्रमाणे साधारण साडेएकवीस सेकंदांचा शॉट. ११.२० ला स्क्रीनवर तापमानाची सूचना आली आणि कॅमेरा बंद. फोन इतका तापला होता की हातात धरवेना. खाली आणून माठाशेजारी ठेवला, तापलेल्या लेकराला ठेवतात तसा.

दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना असंच एकेक फ्रेम घेत टिपलं होतं. हे वर्गात ऐकलं तेव्हा नुसतं टिपून घेतलं होतं. गच्चीवर बसल्यावर त्या माणसाच्या चिकाटीबद्दल जो आदर वाटला, तो नोट्समध्ये नव्हता. अर्थात वाटाण्याचं बरं असतं. त्याचं डोकं फ्रेमबाहेर जात नाही.

दुसऱ्या दिवशी फोनच्या पाठीला प्लास्टिक, त्यावर ओलं फडकं आणि वर बाबांची काळी छत्री ट्रायपॉडला सुतळीनं बांधली. कूलर घर गार करतो त्याच तत्त्वावर: आपल्याकडची हवा कोरडी, पाणी भराभर उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं. दर दहा मिनिटांनी फडकं भिजवायचं. फोन शेवटपर्यंत टिकला. मी खूश. रात्री पाहिलं तर शेवटच्या काही सेकंदांत फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यातून एक काळा अर्धगोल हळूच आत शिरत होता. छत्रीची सावली! सूर्य जसा वर चढला तशी ती पश्चिमेकडून सरकत गिलासांपर्यंत आली. जिथे एकही सावली नको तिथे मीच सावली घेऊन बसले होते.

तिसऱ्या दिवशी ट्रायपॉड वीतभर मागे नेला आणि जमलं. शून्य सावलीची नेमकी तारीख एखादा दिवस हुकली तरी डोळ्यांना फरक कळत नाही, हे तेवढ्यात समजलं होतं. उलट्या गिलासांच्या सावल्या तर ११.५० च्या सुमारासच गायब होत होत्या. मी तीन दिवस बारा दहाच्या काट्याकडे बघत जीव टांगणीला लावला होता, त्याची काही गरज नव्हती. नाव मात्र बदललं नाही. ‘अकरा पन्नास’ला तेवढी मजा नाही.

एकटीनं शूट करण्यात सगळ्यात वाईट काय, तर कुणी ‘कट’ म्हणत नाही. जिना चढून गच्चीच्या दारात येण्याचा शॉट सहा सेकंदांचा. त्यासाठी मी उभी राहणार तिथे उलटी बादली ठेवायची, बादलीवर फोकस लॉक करायचा, बादली उचलायची, रिमोट दाबायचा, तीन जिने खाली पळायचं, दम आवरायचा, वर चढायचं, दारात थांबायचं, आणि मग... काय? किती वेळ थांबायचं? चांगलं झालं की नाही, कोण सांगणार? मी दारात उभी राहून मनात वीसपर्यंत मोजायचे आणि जाऊन पाहायचे. पहिल्या अकरा टेकमध्ये माझं कपाळ कापलेलं आहे. बादली माझ्यापेक्षा बुटकी आहे हे लक्षात यायला अकरा टेक लागले. मग बादलीवर झाडू उभा केला.

मुलगी अनवाणी येते असं ठरवलं होतं, ते पहिल्या टेकलाच सोडलं. तळपाय अजून सोलतायत.

जिन्यातल्या ट्यूबलाइटनं वेगळाच खेळ केला. ऑटोवर शूट केलं तर चित्रावरून काळे पट्टे सरकत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. कॅमेरा २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर बांधलं की पट्टे जातात. गेले. पण तेच शटर घेऊन गच्चीवर आले तर सगळं पांढरंफटक. माझ्या फोनला लेन्सचं छिद्र बारीक करता येत नाही, उजेडच अडवावा लागतो. मग गॉगल. एकानं भागलं नाही, म्हणून काकूचा मागून आणला आणि दोन्हीच्या काचा लेन्ससमोर एकावर एक चिकटवल्या. रंग जरा तांबूस आला. सरांना वाटलं, मुद्दाम केलंय. मी काही बोलले नाही.

शेवटची सावली म्हणजे माझं डोकं. कॅमेरा जमिनीलगत, गिलासांवर. मी कॅमेऱ्याच्या मागून फ्रेमच्या वर वाकायचं, म्हणजे डोक्याची सावली थेट गिलासांवर पडते. दुपट्टा बांधून केलं तर सावली कांद्यासारखी दिसली. दुपट्टा सोडला, केस मोकळे सोडले. पाच टेक. पाचव्यात केसांच्या बटा खाली लोंबल्या आणि त्यांची सावली दोन गिलासांच्या मधून बोटांसारखी हलली. ते मी केलं नव्हतं, वाऱ्यानं केलं. मी मात्र त्यानंतर संध्याकाळपर्यंत डोकं धरून पडून होते, आणि आजीनं कांद्याचा रस तळपायांना चोळता चोळता जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आवाजाचं मी काहीच ठरवलं नव्हतं. ठरवायला वावही नव्हता, कारण आमच्या गल्लीत मे महिन्यात एकच आवाज असतो, कूलरचा. समोरचे, शेजारचे, मागचे, सगळ्यांचे मिळून एक अखंड घरघर. दोन दिवस मी तो काढून टाकायच्या मागे होते. सॉफ्टवेअरनं तो काढला की गच्ची मेल्यासारखी वाटायची. एडिट करताना घरातली वीज गेली. कूलर घरघरत थांबला, पंखा थांबला, आणि घरातले सगळे एकदम म्हणाले, “गेली!” तेव्हा कळलं. मे महिन्यातल्या नागपूरकराला सगळ्यात जास्त घाबरवणारा आवाज म्हणजे कूलर बंद पडण्याचा. मला संगीत लागतच नव्हतं. पूर्ण दोन मिनिटं घरघर ठेवायची आणि सावली पडताक्षणी कूलर बंद.

त्यासाठी कूलरजवळ फोन ठेवून आवाज घ्यायचा होता आणि मी बोट वर केलं की कुणीतरी बटण बंद करायचं होतं. दुपारी घरात आजीच होती. तिनं तीनदा केलं. पहिल्यांदा बटण बंद करून म्हणाली, “झालं का?” दुसऱ्यांदा म्हणाली, “आता झालं का?” तिसऱ्यांदा ती गप्प राहिली. फिल्ममध्ये तो तिसरा आहे.

मग टायटल्स. सुरुवातीच्या नावांचा एक ठरलेला क्रम असतो, कलाकार आधी, मग तंत्रज्ञ, दिग्दर्शक शेवटी. मी नियमानं बसवायला गेले तर एकच नाव सहा वेळा येत होतं. कलाकार मी, कॅमेरा मी, संकलन मी. मतदार यादीत चूक झाल्यासारखं दिसायचं. शेवटी माझं नाव एकदाच टाकलं, पुढे काहीही न लिहिता. त्याच्यानंतर आणखी एक पाटी: ‘कूलर’ आणि पुढे आजीचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. वर्गात त्या पाटीला सगळ्यात मोठा हशा पिकला. सरही हसले. मार्कांच्या तक्त्यात ‘समूहकार्य’ असा एक रकाना होता, त्यात मला १० पैकी ४ मिळाले. ते चार आजीचे असावेत.

इंटर्नशिपवाल्यानं पुण्याहून लिंक मागितली. पाठवली. निळ्या खुणा आल्या.

आजीला मी जेवण झाल्यावर दाखवली. चष्मा लावून, फोन डोळ्यांशी नेऊन पाहिली. स्वतःचं नाव आलं तेव्हा काही बोलली नाही, पण बोट लावून फिल्म थांबवली आणि नाव पुन्हा वाचलं. मग शेवटपर्यंत पाहिली.

“मंग कोन होतं ते वाकून?”

“माहीत नाही आजी. फक्त सुरुवातच आहे.”

“पुढचं?”

“पुढचं नाहीच आहे. एवढंच करायचं होतं.”

तिला ते पटलं नाही. फोन परत देताना म्हणाली, “मी असती ना त्या पोरीच्या जागी, तर एक गिलास सरळ करून पाह्यला असता. खाली काय झाकून ठेवलं ते.”

पाचही गिलासांच्या खाली काय आहे, याचा मी तीन दिवसांत एकदाही विचार केला नव्हता. आता तेवढाच करून राहिले आहे.