तुम्ही विचारलंत म्हणून: गालावरचा तो निळा डाग गेला कुठे?

लग्नातले फोटो बघितले की सगळ्याच विचारतात, तो डाग गेला कसा, दुखलं का, पूर्ण गेला का. प्रत्येकीला वेगळी व्हॉइस नोट पाठवून कंटाळले, म्हणून एकदाच लिहिते.

आधी हे सांगते की तो मार नव्हता. कारण कल्याण लोकलच्या लेडीज डब्यात एका मावशींनी माझा हात धरून हळूच विचारलं होतं, "घरी काही त्रास आहे का गं?" आणि माझ्या गरीब नवऱ्याकडे तर लोक असे बघायचे की तो कुणाच्याही कार्यात माझ्यापासून दोन हात लांब उभा राहायचा. उजव्या डोळ्याखालून गालापर्यंत, शाईचं बोट पुसावं तसा निळसर करडा डाग. जन्मतः फिकट होता, बारा-तेराव्या वर्षी एकदम गडद झाला. आत्याचं मत ठाम, आईने ग्रहण पाळलं नाही.

त्याचं नाव नीव्हस ऑफ ओटा. ओटा म्हणजे जपानचे स्किनचे डॉक्टर, १९३९ मध्ये त्यांनी याचं वर्णन केलं (हे गृहस्थ कवी आणि नाटककारही होते, वेटिंगमध्ये बसून मोबाइलवर वाचलेलं ज्ञान). बाळ पोटात असताना रंग बनवणाऱ्या पेशी कातडीच्या वरच्या थरात पोचायला हव्यात, त्या खालीच अडकून राहतात, रंग त्यांचा तपकिरीच असतो पण खोलवरून वर येताना निळा दिसतो. म्हणून क्रीम, हळद, मसूर डाळीचं पीठ, सगळं वरच्या वर. आत्याला हे समजावलं तर म्हणाली, मग ग्रहणामुळेच अडकल्या असतील!

उपाय लेझर, क्यू-स्विच्ड एनडी-याग नावाचा (क्षणभराचे जोरदार झटके देणारा), १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा. तासभर आधी सुन्न करणारं क्रीम, मग डाग पापणीपर्यंत असल्यामुळे डोळ्यात थेंब टाकून बुबुळावर चक्क धातूची चिमुकली वाटी बसवतात, ते मला लेझरपेक्षा नकोसं वाटलं. मग टक टक टक. फोडणीतली मोहरी एकसारखी गालावर उडतेय असं समजा, आणि लव जळल्याचा वास. जिथे शॉट बसतो तिथे कातडी पांढरी होते, थोड्या वेळाने उतरते, आणि दुसऱ्या दिवशी गालाचा बटाटेवडा.

पण लगेच काही दिसत नाही हं. लेझर रंगाचे नुसते तुकडे करतो, ते उचलून न्यायचं काम शरीराच्या पेशी करतात, आणि त्या सरकारी वेगाने करतात. म्हणून दोन सिटिंगमध्ये दोन-तीन महिने. आधी मी एका ठिकाणी पॅकेज घेतलं होतं, दर पंधरा दिवसांनी बोलवायचे, तिथे गाल उजळायच्या ऐवजी आणखी काळा पडला. आपल्या सावळ्या कातडीला घाई आणि जास्त पॉवर दोन्ही सोसत नाही. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे सात सिटिंग, जवळपास दोन वर्षं. मेडिक्लेमवाले म्हणाले कॉस्मेटिक आहे, विषय संपला.

या डॉक्टरांनीच पहिल्यांदा माझा डोळा नीट बघितला. डोळ्याच्या पांढऱ्या भागातही करडा ठिपका आहे, त्याला लेझर चालत नाही, आणि अशा डोळ्यात काचबिंदूची शक्यता जास्त असते, म्हणून वर्षातून एकदा प्रेशर तपासायचं. अठ्ठावीस वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं, ग्रहणाचं मात्र सगळ्यांनी सांगितलं.

आता ज्या तिळाबद्दल विचारतात त्यांना, माझं उदाहरण तिथे लावू नका. आईच्या मानेवरचा मस मंगळसूत्रात अडकून रक्त यायचं. आत्या घोड्याचा केस बांधायला निघाली होती. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन ब्लेडने अलगद काढला, दहा मिनिटं, आणि बाटलीत घालून लॅबला पाठवला. साधाच निघाला. पण जाळून टाकला असता तर तपासायला उरलं काय असतं? वाढणारा, रंग बदलणारा, आपोआप रक्त येणारा तीळ असेल तर पार्लरमध्ये अजिबात नको.

माझा पूर्ण गेला का? नाही. खालच्या पापणीशी थोडा आहे, जागरण झाल्यासारखा. डॉक्टर म्हणाले अजून एक सिटिंग करू. त्याच बिल्डिंगमध्ये खाली डोळ्याचं प्रेशर बघायला जाते तेव्हा वर जाऊन तारीख घेईन, असं गेलं वर्षभर म्हणतेय.