नागीण वाजवताना लाज वाटत नाही का?

"सर, एक विचारू? राग नाही ना येणार?" अशी सुरुवात झाली की पुढचं मला पाठ असतं. विचारणारे बहुतेक माझ्याकडे पेटी शिकायला येणाऱ्या मुलांचे आईवडील. शनिवारी मी त्यांच्या पोराकडून भूपाचे अलंकार घोटून घेतलेले असतात आणि रविवारी त्यांनीच मला कुणाच्या तरी परण्यात, बँडच्या गाडीवर, लाल कोट घालून 'नागीण' वाजवताना बघितलेलं असतं. आवाज जरा खाली आणून ते म्हणतात, "तुम्ही एवढं शिकलेले. ते वाजवताना लाज नाही वाटत?"

वाटायची. खूप वाटायची. आता ज्याची वाटते ते गाणं वेगळंच आहे आणि त्याबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही. तुम्ही निघालातच विषय काढायला, तर दोन्ही सांगून टाकतो.

मी मिरजेचा. इथल्या सतारमेकर गल्लीत वाळलेले भोपळे टांगलेले दिसतात, त्यांचे तंबोरे होऊन कुठल्या कुठं जातात. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथंच, मीरासाहेब दर्ग्यात; उरुसात मोठमोठे गवई तिथं हजेरी लावतात. अशा गावात वरातीचा कॅसिओवाला होणं म्हणजे अवघडच. (माझा कीबोर्ड यामाहाचा आहे. पण गावाला तो कॅसिओच.) कुठल्या ओट्यावर जाणता कान बसला असेल सांगता येत नाही.

पहिल्याच सिझनला वरात नेमकी माझ्या गुरुजींच्या गल्लीतून निघाली. मी बावीस वर्षांचा. रात्रीचे साडेदहा वाजलेले आणि मी डोळ्यांवर गॉगल चढवला. गाडी त्यांच्या घरासमोर आली, नागिणीची फर्माईश झाली, मी सुरू केलं आणि माडीवरची खिडकी धाडकन बंद झाली. ती खिडकी मी पुढची कितीतरी वर्षं छातीवर घेऊन फिरलो. एकदा काकूंपाशी बोललो, तर त्या म्हणाल्या, "अरे, तुमच्या जनरेटरचा धूर येत होता. यांना दमा नाही का!"

नागीण वाजवायला उजव्या हाताला काम फार नाही. सगळी नागीण डाव्या अंगठ्यात असते. कीबोर्डच्या डाव्या कडेला एक चाक असतं, त्याला आम्ही बेंडर म्हणतो. सूर दाबून ठेवायचा आणि ते चाक खसखशीएवढंच हलवायचं. सूर डगमगला पाहिजे, ढळला नाही पाहिजे. जास्त ढकललं की बिनेचा भोंगा होतो, रुग्णवाहिका आल्यासारखी वाटते. खाली एक जण दातांत रुमाल धरून गारुडी झालेला, दुसरा हातांचा फणा करून डांबरावर आडवा. त्या फण्याकडे बघत वाजवावं लागतं. तो खाली गेला की मी खालच्या सप्तकात, तो उठायला लागला की वर. मागून कुणाचा तरी मामा ओरडत असतो, "आवरा, साडेबाराचा मुहूर्त आहे!" पण आडवा पडलेला माणूस उठल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि बीन थांबल्याशिवाय तो उठत नाही. तिकडे मारुतीच्या देवळात पुजारी ताटकळलेला, इकडे नवरदेव बाशिंगाखाली घामाघूम. अख्खं लग्न माझ्या अंगठ्यावर अडलेलं असतं.

बरं, ही बीन मुळात बीन नाहीच. हे मला फार उशिरा कळलं. १९५४ च्या 'नागिन' सिनेमाचं संगीत हेमंतकुमारांचं. त्यातला बिनेचा आवाज काढला कल्याणजींनी, क्लॅव्हिओलिनवर. आणि हार्मोनियमवर होते हेमंतकुमारांचे सहायक रवी. क्लॅव्हिओलिन म्हणजे आमच्या कीबोर्डचे पणजोबा. एका वेळी एकच सूर बोलणारं, विजेवर चालणारं फ्रेंच वाद्य. हे कळलं त्या दिवशी मी एकटाच हसत बसलो. गारुड्याची नक्कल करतोय म्हणून इतकी वर्षं मान खाली घातली, आणि प्रत्यक्षात मी एका कीबोर्डवाल्याचंच काम कीबोर्डवर करत होतो. शिवाय जोडीला पेटी! जिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अखंड घसरत जाणं, निघत नाही म्हणून नाकं मुरडली गेली, जिला आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी घातली, तिच्याकडून मधल्या काळात सापासारखा वळवळणारा सूर काढून घेतला रवींनी.

रवींचे तर माझ्यावर उपकारच आहेत. 'आज मेरे यार की शादी है' त्यांचं, पाठवणीला वाजवतो ते 'बाबुल की दुआएँ' त्यांचं, आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला काकांनी काकूंकडे बघत, चुकीच्या पट्टीत म्हणायचं 'ऐ मेरी जोहरा जबीं' तेही त्यांचंच. परण्यापासून पाठवणीपर्यंत एकाच माणसाचं मीठ खातोय मी.

"नागीण ठीक आहे हो, पण ती दुसरी गाणी?" असंही विचारतात. आता कीबोर्डला शब्द नसतात. तरी तसल्या एखाद्या गाण्याची पहिली ओळ वाजवली की मंडपातल्या आज्या तोंडाला पदर लावतात. मी नुसते सूर वाजवलेले असतात. पुढचं त्यांचं त्यांना पाठ. मग लाजायचं कुणी?

आम्हा शिकलेल्यांची मात्र एक वाईट खोड असते. हलकं गाणं मुद्दाम हलकं वाजवायचं. दोन सूर गाळायचे, पॅडवाल्याकडे बघून हसायचं, म्हणजे बघणाऱ्याला कळावं की आम्ही त्यातले नाही. मीही केलंय. ही खोड मोडली ती सुलोचनाबाई चव्हाणांमुळे. त्यांचं जुनं चित्रीकरण बघत होतो. लावणी अशी ठसकेबाज, आणि बाई अंगभर पदर घेऊन माइकसमोर शांत उभ्या. सगळा खट्याळपणा गळ्यात, एकही सूर हातचा राखलेला नाही. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्या गेल्या. त्या चित्रीकरणानंतर मी पॅडवाल्याकडे बघून हसणं बंद केलं. गॉगल त्याआधीच गाडीवरून पडून फुटला होता.

आता ते दुसरं गाणं.

गुरुजींनी एका अभंगाला स्वतः चाल लावली होती. कुठं ध्वनिमुद्रण नाही, कागदावर स्वरलेखन नाही. आषाढीला त्यांच्या खोलीत आम्ही आठ-दहा जण म्हणायचो, तेवढीच ती. एका निवडणुकीत आमच्या भागातल्या उमेदवाराला प्रचाराचं गाणं हवं होतं. दोन दिवसांत, सात हजार रुपये. लग्नसराई संपलेली, कीबोर्डचा हप्ता थकलेला. चाल सुचेना. रात्री कधीतरी हात आपोआप त्या अभंगावर गेले. विठ्ठलाच्या जागी भाऊंचं नाव अक्षराला अक्षर बसलं. अंतऱ्यात मी नळाला चोवीस तास पाणी आणलं.

बारा दिवस रिक्षा फिरली. रिक्षावाला गुरुजींच्याच गल्लीतला, त्यामुळे सकाळी आठला पहिला आवाज त्यांच्या दारात. माडीवरची खिडकी या वेळी उघडीच होती, हे मी स्वतः जाऊन, लांबून, बघून आलो.

निकाल लागल्यावर आठवड्यानं मी क्लासला गेलो. गुरुजी नखं कापत बसले होते. वर न बघता म्हणाले, "अंतऱ्यात कोमल निषाद होता. तो गाळलास."

"घाईत राहिला," मी म्हणालो.

"बरं झालं," ते म्हणाले. "तेवढा तरी आपल्याकडं राहिला."

पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. त्या दिवशी यमन शिकवला, नेहमीसारखा.

गुरुजी आता नाहीत. आषाढीला ती चाल आम्ही अजून म्हणतो, कोमल निषादासकट. पण पहिली ओळ सुरू झाली की मागं बसलेल्यांपैकी कुणीतरी खुसखुसतं, आणि मला माहीत असतं का ते. भाऊ तेव्हा पडले होते. चाल मात्र घराघरात निवडून आली. नागीण मी रोज दहादा वाजवीन. त्या एका ओळीला मला पेटीवरून मान वर करता येत नाही.

मागच्या महिन्यात भाऊंचा फोन आला. पुन्हा उभे राहतायत. "सर, गाणं तेच ठेवा. लोकांच्या तोंडात आहे. फक्त चिन्ह बदललंय, तेवढं बसवून द्या." स्पष्ट नाही म्हणायला जीभ वळेना. त्यांनीच नको म्हणावं म्हणून मी वीस हजार सांगितले.

"पाठवतो," म्हणाले.