शॉर्ट फायनलनंतरची शांतता

अमेरिकेतल्या एका छोट्या धावपट्टीवर आमचं एव्हिऑनिक्सचं, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचं, वर्कशॉप आहे. घरी बांधलेली विमानं इथे बरीच येतात. ‘एक्सपेरिमेंटल’ वर्गातल्या विमानात मालकाला स्वतः बनवलेलं उपकरण बसवता येतं. प्रमाणित सेस्नाला तेच लावायचं तर आधी मंजुरीचे कागद. ज्या विमानाची ही गोष्ट, ते दोन आसनी, धातूचं. मालकाला फ्लेअरचा अंदाज येत नव्हता, म्हणजे चाकं टेकण्याआधी नाक नेमकं कधी उचलायचं ते जमत नव्हतं. हवेच्या दाबावर चालणारा अल्टीमीटर (उंचीमापक) इथे निरुपयोगी, त्यात ७५ फुटांपर्यंतचा फरक चालवून घेतात. म्हणून लेझर अल्टीमीटर. पन्नास, चाळीस, तीस, वीस, दहा, पाच असे फूट हेडसेटमध्ये बोलून दाखवणारा.

सेन्सर गार्मिनचा लायडर-लाइट व्ही-३. ९०५ नॅनोमीटरचा अदृश्य उजेड, क्लास १ म्हणजे डोळ्याला निर्धोक, ५ व्होल्ट, आणि पुरवठ्यावर ६८० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तोही सेन्सरला अगदी चिकटून. कागदावर पल्ला ४० मीटर, पण तो ७० टक्के प्रकाश परतवणाऱ्या पृष्ठभागासाठी. डांबर दहा टक्के परतवतं असं धरलं तर पल्ला वर्गमुळाच्या हिशेबाने १५ मीटरवर येतो, म्हणजे जेमतेम ५० फूट. टेबलावर पांढऱ्या भिंतीकडे रोखून ‘चालतंय’ म्हणणाऱ्यांनी एकदा तरी तो काळ्या डांबरावर धरून बघावा.

पोटाखाली बसवू नका. इंजिनाच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, येणारं तेल तिथेच पसरतं आणि दोन उड्डाणांत भिंग धुरकट होतं. आम्ही पंखाखालच्या तपासणीच्या झाकणाची जादा प्रत घेऊन तिला भोकं पाडली. समोर काच नाही. काचेवरून परतलेला उजेड सेन्सरला फसवतो. जागा मुख्य चाकांच्या रेषेत हवी. सेन्सर चाकांच्या १.२ मीटर मागे असेल आणि नाक ८ अंश वर असेल, तर तो १७ सेंटिमीटर खाली आलेला असतो.

शून्य लावण्यात बहुतेक जण चुकतात. जमिनीवर उभ्या विमानाचे स्प्रिंगचे पाय वजनाने फाकलेले असतात, हवेत ते पुन्हा खाली येतात. म्हणून विमान जॅकवर घ्यायचं, चाक जमिनीला नुसतं शिवेल इतकं खाली आणायचं आणि तिथे शून्य नोंदवायचं.

आवाजाच्या उशिरावर केलेल्या उपायाचा मला खरा अभिमान आहे. वीस हर्ट्झने पाच वाचनांचा मध्यक घेतला की ०.१ सेकंद गेला, आकडे बोलणारं एमपी-थ्री मॉड्यूल सुरू व्हायला ०.२, शब्द पुरा व्हायला ०.३. मिनिटाला ५०० फुटांनी उतरणारं विमान तेवढ्यात पाच फूट खाली आलेलं असतं. ‘वीस’ ऐकू येतं तेव्हा पंधरा. त्यामुळे कोड आत्ताची उंची बोलत नाही, उतरण्याच्या वेगावरून ०.६ सेकंदांनंतरची बोलतो. आवाजाच्या फायलींच्या सुरुवातीची शांतताही कापली.

पहिली तीन उड्डाणं सुरेख झाली. चौथ्यात मालकाने रेडिओवर ‘शॉर्ट फायनल’, म्हणजे उतरण्याआधीचा अगदी शेवटचा टप्पा, असं सांगितलं आणि त्यानंतर मशीन बोललंच नाही. फ्लेअर उशिरा झाला, विमान आपटून उसळलं. नाकाचं चाक वाचलं. “गप्प होतं म्हणजे मी अजून वरच आहे असं वाटलं,” तो म्हणाला.

मास्टर स्विच बंद करून चालू केला तर सगळं ठीक. आमचे एक ज्येष्ठ सहकारी कुठल्याही बिघाडाला ‘ग्राउंड खराब’ (विजेची परतीची जोडणी सैल) म्हणतात आणि बहुतेकदा बरोबर ठरतात, हीच अडचण. ग्राउंडच्या तारा तपासण्यात दुपार गेली. शेवटी मी सेन्सरखाली हात हलवत राहिलो आणि मालकाला रेडिओचं पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबायला लावलं. हात हलतोय, पडद्यावरचा आकडा ढिम्म.

चूक आमचीच. सेन्सर पंखात, कोड चालवणारा छोटा आर्डुइनो बोर्ड ‘नॅनो’ पॅनेलमागे, मध्ये तीन मीटर शील्ड केबलवर आय-टू-सी ही डेटाची बस. ही बस एकाच सर्किट बोर्डावरच्या चिप्ससाठी आहे. केबलचा ३०० पिकोफॅरड आणि ४.७ किलो-ओहमचे पुल-अप (तारेचा व्होल्टेज वर खेचणारे रोधक) धरले तर सिग्नल चढायला १.२ मायक्रोसेकंद, १०० किलोहर्ट्झला मुभा एकची. म्हणजे ती आधीच काठावर चालत होती. त्यात १२२.८ मेगाहर्ट्झला तीन मीटर तार म्हणजे सव्वा तरंगलांबी, अँटेनाच. रेडिओ बोलला की बस अडकायची आणि आमच्या कोडमध्ये वाचनाला कालमर्यादाच नसल्याने नॅनो तिथेच थांबून राहायचा.

आता एक नॅनो सेन्सरपाशी आहे, मधली तार १५ सेंटिमीटर. तिथून पॅनेलपर्यंत पीळ दिलेल्या जोडीवर लांब तारांसाठीची आरएस-४८५, टोकांना १२० ओहम, दोन्हीकडे रेडिओचा गोंगाट शोषणारे ‘मिक्स ४३’चे फेराइट. प्रत्येक निरोपाला चेकसम (निरोप बिघडला का ते पकडणारा आकडा), ०.३ सेकंद खरा निरोप आला नाही तर लाल दिवा आणि ‘अल्टीमीटर फेल’. कोड अडकला तर बोर्ड रीसेट करणारा वॉचडॉग २५० मिलिसेकंदांचा. जुन्या बूटलोडरच्या (बोर्ड सुरू होताना आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) नॅनोवर तो लावू नका, रीसेट झाल्यावर बोर्ड त्याच फेऱ्यात अडकतो. आधी ऑप्टिबूट हा नवा बूटलोडर घाला.

पीटीटी दाबून दाबून पाहिलं, आता अडकत नाही. पण पन्नास फुटांच्या वर, आणि ओल्या धावपट्टीवर उजेड भलतीकडे परावर्तित होतो तेव्हाही, धडधाकट मशीन गप्पच असतं. तेव्हा ‘फेल’ ओरडलं तर प्रत्येक उड्डाणात ओरडत राहील. म्हणून मी दर दोन सेकंदांनी एक बारीक ‘टिक’ घातली: टिक म्हणजे मशीन जिवंत आहे, उजेड परतत नाहीये. मालकाने तिसऱ्याच उड्डाणानंतर ती बंद करून घेतली, कानाला बोचते म्हणून. धावपट्टीचा उंबरठा (सुरुवातीची रेषा) ओलांडेपर्यंत ‘चाळीस’ ऐकू आलं नाही तर मशीन विसरायचं, एवढं पॅनेलवर चिकटवून दिलं आहे. ‘टिक’चा स्विच मात्र मी काढलेला नाही.