टाकीचं पाणी सोडलं

आज मळ्यातली पोहण्याची टाकी हिवाळ्यासाठी बंद केली. लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर ताणलेली, जमिनीवर उभी राहणारी प्लास्टिकची गोल टाकी. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा पोरं तिच्यातून निघतच नव्हती. आता सकाळी केळीच्या पानांवर दव असतं, पाय बुडवायलाही कुणी तयार नाही.

थंड देशांत पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं. म्हणून तिथे पंप-फिल्टर कोरडे करतात, टाकीवर आच्छादन घालतात. आपल्याकडे ते भय नाही. भय डासांचं. क्लोरीन संपलेल्या साचल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. गेल्या वर्षी धाकटीला डेंग्यू झाला होता, त्या रात्री मी विसरलेलो नाही.

म्हणून पूर्ण रिकामी केली. क्लोरीन आठवडाभर आधीच थांबवलं होतं, उन्हानं ते उडून जातं. मग नळीनं सगळं पाणी बांधावरच्या कडुनिंबांना दिलं. केळीला द्यायचं धाडस झालं नाही.

तळाचं शेवाळ मऊ ब्रशनं घासताना आई म्हणाली, "ओली घडी घालू नको रे, बुरशी धरते." खरंय. ओलावा आणि उंदीर, दोघंही प्लास्टिक खातात. दिवसभर उन्हात उलटीपालटी केली, मगच घडी गोठ्याच्या आढ्याला टांगली.

टाकीच्या जागी गवत मेलेला फिकट गोल उरलाय. धाकटी त्यात उभी राहून विचारत होती, "पप्पा, परत कधी?"

होळीनंतर, बेटा.