पाव वगळला, मग इन्सुलिनचे काय?

आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांच्या आहारनोंदीत सकाळ आणि दुपार अगदी चोख होती. सगळा घोळ रात्रीच्या जेवणात होता. वय साठीच्या जवळ, टाइप २ मधुमेह, न्याहारीला अंडी, दुपारी भरपूर भाज्या आणि मोजके धान्य, असे सारे शिस्तीत चाललेले असताना आठवड्यातून दोन-तीनदा रात्री घरात बर्गर येत असे. पत्नी आणि मुलगी दोघीही कामावरून उशिरा येणाऱ्या, तिघांनाही बर्गर मनापासून आवडणारा, त्यामुळे त्या दिवशी स्वयंपाकाला सुट्टी मिळे आणि जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटर अडीचशेच्या पुढचा आकडा दाखवी.

हिशेब अवघड नव्हता. बर्गरच्या साध्या पावात साधारण २५ ते ३० ग्रॅम कर्बोदके असतात आणि मोठ्या पावात ती ४० ग्रॅमच्याही पुढे जातात. काका दोन बर्गर खात, सोबत फ्रेंच फ्राइज घेत आणि केचप सढळ हाताने ओतत, ज्याच्या प्रत्येक मोठ्या चमच्यात चार-पाच ग्रॅम कर्बोदके, त्यातही बहुतांश साखर, असते. म्हणजे एका बैठकीत शंभर ग्रॅमच्या पुढे मजल जात होती. कमी कर्बोदकांच्या आहाराची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला १३० ग्रॅमच्या आत धरली जाते, हे लक्षात घेतले तर या एका जेवणाने दिवसभराच्या पथ्यावर पाणी पडत होते.

त्यांनी प्रयत्न केले नव्हते असे नाही. बदामाच्या पिठाचे पाव भाजून पाहिले, फ्लॉवर किसून, पिळून त्याच्या चकत्या केल्या. पण पावाला अंड्याचा वास राहिला, चकत्या हातात फुटल्या आणि दोन्ही प्रकारांत तास-सव्वा तास गेला. दमून घरी आलेल्या माणसाला ते परवडणारे नव्हते. नुसती पॅटी आणि सॅलड खाल्ले, तर काकांच्या शब्दांत ते ‘आजारी माणसाचे जेवण’ वाटे. अशा वेळी कागदावरच्या सल्ल्याचा उपयोग नसतो, म्हणून एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन तिघांबरोबर स्वयंपाक करायचे ठरवले. गृहभेट हा माझ्या कामाचाच भाग आहे आणि मला विचाराल तर सर्वांत उपयोगाचा भाग आहे, कारण माणूस काय खातो हे दवाखान्यातल्या खुर्चीपेक्षा त्याच्या ओट्यापाशी जास्त खरे कळते.

गॅस पेटवण्याआधी मी औषधांचा डबा मागून घेते. काकूंनी तो लगेच आणून दिला. त्यात मधुमेहावरचे मेटफॉर्मिन होते, रक्तदाबाची गोळी होती आणि कोलेस्टेरॉलची होती. मेटफॉर्मिन एकटे असेल तर साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा खाली जात नाही. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्या असत्या, तर मी आधी डॉक्टरांशी बोलले असते. तसेच लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या, म्हणजे एसजीएलटी-२ गटातल्या गोळ्या असत्या, तर कर्बोदके एकदम कमी करण्याचा विषयच मी काढला नसता; कारण त्या गोळ्या चालू असताना कर्बोदके फार घटली, तर रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याची गंभीर अवस्था, होऊ शकतो. डब्यात या दोन्हींपैकी काहीच नव्हते. मला पाठवलेल्या जुन्या चिठ्ठीवरही हीच तीन औषधे होती. तेव्हा आम्ही कामाला लागलो.

मुलीच्या हाती मी कोंबडीच्या मांडीच्या मांसाचा अर्धा किलो खिमा दिला. छातीच्या मांसाच्या तुलनेत त्यात चरबी जास्त असते, त्यामुळे पॅटी कोरडी पडत नाही. तयार पॅटीच्या पाकिटावर मागच्या बाजूचे बारीक अक्षर वाचले, तर त्यात अनेकदा पावाचा चुरा किंवा स्टार्च निघतो. पाव वगळून तोच पॅटीतून खाण्यात काही अर्थ नाही. खिमा कागदी टिपकागदाने दाबून कोरडा केला आणि त्याचे साधारण ६०-६५ ग्रॅमचे सैल गोळे केले. अंडे नाही, चुरा नाही, आत मीठही नाही. मीठ आत मळले की मांसातली प्रथिने विरघळून एकमेकांना चिकटतात आणि पॅटीचा पोत सॉसेजसारखा रबरी होतो. म्हणून मीठ तव्यावर गेल्यानंतर वरून भुरभुरायचे. ते नेहमीपेक्षा कमी पुरते, ही गोष्ट मात्र बहुतेक पाककृतींत कोणी सांगत नाही. पॅटीतला खारटपणा पाव सौम्य करत असतो. पाव काढला आणि मीठ तेवढेच ठेवले, तर पहिल्याच घासाला तोंड खारट होते.

बिडाचा तवा चांगला तापू दिला, त्यावर चमचाभर तेल पसरले, गोळा ठेवला, वर बेकिंगच्या कागदाचा तुकडा ठेवून सपाट बुडाच्या पातेल्याने तो जोरात दाबला. दाबायचे ते पहिल्या अर्ध्या मिनिटातच. नंतर दाबले की रस निघून जातो. काकूंचा हात सारखा उलथन्याकडे जात होता. त्यांना मी दोन-तीन मिनिटे काहीही न करता थांबायला सांगितले, कारण बर्गरच्या चवीचा मोठा वाटा त्या थांबण्यात असतो. प्रथिने आणि साखरेचे सूक्ष्म अंश तीव्र उष्णतेत एकत्र येऊन जो खमंग तपकिरी थर तयार होतो, त्या अभिक्रियेचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेलार यांनी १९१२ मध्ये केले. पृष्ठभागाचे तापमान १४० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की ती वेगाने होते. खिमा ओला असेल किंवा तव्यावर गर्दी असेल, तर पाणी आटेपर्यंत तापमान शंभराच्या वर जातच नाही आणि पॅटी भाजण्याऐवजी वाफवली जाते. घरच्या बर्गरला ‘तशी’ चव येत नाही अशी जी तक्रार असते, तिचे कारण बहुधा मसाल्यात नसून या पाण्यात असते.

पॅटीच्या कडा जाळीदार झाल्या, मधला गुलाबी रंग बाहेरून आत सरकत पांढरा होत गेला, तेव्हा मुलीने तव्याला चिकटलेला थर उलथन्याने खरवडून पॅटी उलटली. खालची बाजू गडद तपकिरी झालेली पाहून तिने काकांना हाक मारली. चीजची चकती मी मुद्दाम पॅटीपेक्षा मोठी ठेवायला लावली, म्हणजे बाहेर आलेल्या कडा तव्यावर वितळून, बुडबुडे येऊन कुरकुरीत होतात. भाजलेल्या पावाचा कुरकुरीतपणा जातो, त्याची भरपाई ही चीजची झालर करते, आणि त्यात कर्बोदके जवळजवळ नसतात.

लेट्यूसची पाने काढायला मी फ्रीज उघडला तेव्हा दाराच्या कप्प्यात, मोहरीच्या सॉसच्या बाटलीशेजारी, इन्सुलिनची दोन पेने उभी होती. मी काही विचारणार तोच मुलगी म्हणाली, “बाबांची आहेत, ताई. आणखी एक चालू असलेले त्यांच्या खोलीत असते. आता जेवण होत आले ना, म्हणून ते इंजेक्शन घ्यायला गेलेत.”

गॅस मंद करून मी खोलीत गेले. काकांनी पेनवरची चकती फिरवून नेहमीचा आकडा लावला होता आणि शर्ट वर केला होता. “काका, थांबा, अजून टोचू नका,” असे मी म्हटल्यावर त्यांनी आश्चर्याने पाहिले आणि अगदी सरळ मनाने उत्तर दिले, “मॅडम, हे तर रोजचेच आहे. औषधे तुम्ही मघाशी पाहिलीत ना?” त्यांच्या दृष्टीने औषध म्हणजे गोळी. माझ्याकडची चिठ्ठी लिहिली गेल्यानंतर त्यांना इन्सुलिन सुरू झाले होते, डबा मागितल्यावर डबाच मिळाला होता, आणि घरातल्या कोणालाही यात काही दडवले जात आहे असे वाटलेले नव्हते.

प्रश्न साधा पण गंभीर होता. जेवणाआधी घ्यायचे जलद परिणाम करणारे इन्सुलिन त्या जेवणातल्या कर्बोदकांच्या अंदाजाने ठरवलेले असते. काकांचा ठरावीक आकडा दोन पाव आणि फ्राइज खाणाऱ्या माणसासाठी बसवलेला होता, तर ओट्यावर जे ताट तयार होत होते त्यात कांदा, टोमॅटो आणि सॉस धरूनही पंधरा ग्रॅमच्या वर कर्बोदके नव्हती. तेवढे इन्सुलिन शरीरात गेले असते आणि त्याला काम करायला अन्नातली साखरच मिळाली नसती, तर तास-दीड तासात साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाऊन घाम, थरथर, गोंधळ आणि त्याहूनही वाईट काही होण्याची शक्यता होती; शिवाय झोपण्याची वेळ जवळ होती.

डोस बदलण्याचा अधिकार माझा नाही. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, ताटात काय आहे ते ग्रॅममध्ये सांगितले आणि जेवणाआधीची साखर मोजून कळवली. ती १२६ होती. डॉक्टरांनी जेवणाचा डोस बराच कमी करून सांगितला, झोपताना घ्यायचे दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन नेहमीप्रमाणे ठेवले, दोन तासांनी आणि झोपण्यापूर्वी साखर मोजायला सांगितली. कमी केलेला तो आकडा मी येथे मुद्दाम देत नाही, कारण दुसऱ्याच्या शरीरासाठी ठरवलेला आकडा उचलून स्वतःला लावणारे लोक मी पाहिलेले आहेत. उशाशी १५ ग्रॅम ग्लुकोज ठेवायचे, साखर ७० च्या खाली गेली तर ते घ्यायचे आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे, हे मी मुलीकडून म्हणवून घेतले.

मधल्या वेळात पॅटी थंड झाली नव्हती. उलट दोन-तीन मिनिटे विसावल्यामुळे तिचा रस आत मुरला होता. मधोमध ७४ अंश सेल्सिअस तापमान गाठलेले आहे याची मी थर्मामीटर टोचून खात्री केली, कारण खिम्यात बाहेरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात आणि कोंबडीच्या बाबतीत रंगावर विसंबून चालत नाही. सॉस मुलीने केला: मेयोनेज, बाटलीतला मोहरीचा सॉस, थोडे व्हिनेगर, बारीक चिरलेली आंबट लोणच्यातली काकडी आणि चिमूटभर लाल पॅप्रिका. मेयोनेज ‘कमी चरबीचे’ घेतले तर चरबीच्या जागी साखर किंवा स्टार्च आलेला असू शकतो, आणि काकडी गोड पाकातली असेल तर तिथेही साखर येते; म्हणून या दोन्ही बाटल्यांवरचा दर १०० ग्रॅमचा कर्बोदकांचा आकडा आम्ही वाचला.

लेट्यूसच्या आतल्या वाटीसारख्या पानांना टॉवेलने अगदी कोरडे करणे हे कंटाळवाणे काम काकांच्या वाट्याला आले. पान ओले असले की सॉस घसरतो आणि कोपरापर्यंत ओघळतो. दोन पाने एकमेकांवर आडवी ठेवून, त्यांत व्हिनेगरमध्ये बुडवलेला कांदा, टोमॅटोची चकती, पॅटी आणि सॉस असे रचून खालचा भाग कागदात घट्ट गुंडाळला. हातात धरून खाता येणे याला मी फार महत्त्व देते. तेच जिन्नस बशीत पसरून काट्याने खाल्ले तर पोट भरते, पण बर्गर खाल्ल्याचे समाधान मिळत नाही. मुलीने स्वतःच्या पॅट्या पावात घातल्या. एका तव्यावर दोन प्रकारची ताटे झाली, वेगळा स्वयंपाक करावा लागला नाही आणि फोनचा वेळ सोडला तर सगळे अर्ध्या तासाच्या आत आटोपले. काका दोन्ही बर्गर निमूटपणे संपवून तिसऱ्या पॅटीची चौकशी करू लागले, ही माझ्या दृष्टीने पुरेशी पावती होती.

दोन तासांनी साखर १३८ होती, झोपण्यापूर्वी १५१. रात्री उशिराचा आकडा थोडा वर का, असा काकूंचा फोन आला. प्रथिनांतूनही शरीर हळूहळू ग्लुकोज तयार करते आणि त्याचा परिणाम पावासारखा तासाभरात न दिसता काही तास रेंगाळतो, हे त्यांना समजावून सांगितले. कर्बोदके नसलेल्या जेवणानंतर साखर मोजायचीच गरज नाही, हा समज त्यामुळे वेळीच दूर झाला.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी काकांना रात्रीच्या जेवणासाठी एकच आकडा न देता ताटातल्या कर्बोदकांप्रमाणे डोस मोजायला शिकवले, आणि आपल्या बर्गरातले ग्रॅम मोजण्याची जबाबदारी काकांनी स्वतःकडे घेतली. मी माझ्या गृहभेटीच्या अर्जात औषधांच्या रकान्याखाली इंजेक्शन, पेन आणि पंप अशी वेगळी ओळ छापून घेतली असून, आता औषधांच्या डब्याबरोबर फ्रीजचे दारही उघडून दाखवायला सांगते.